सहाव्या दिवसाची भाकरी

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला सांगितलं नाही, आणि ती तर माझ्या नुसत्या खोकण्यावरून ओळखायची की आज काहीतरी बिनसलंय. खंडोबाच्या पायरीवर दोनदा अगदी ओठांपर्यंत आलं — पण देवाला सांगण्यात कसलं आलंय शौर्य? तो कुठं जाऊन बोलणार आहे? माणसाला सांगायचं तर छाती लागते, ती माझ्याकडं नव्हती. आज तरी आहे का, कुणास ठाऊक. तुम्ही बसा. फक्त मध्येमध्ये 'अरेरे' म्हणू नका. मला ते ऐकवत नाही.

मी कुरवंड्याचा. नाव सखाराम. लोणावळ्यात एका मुंबईकर शेटच्या बंगल्यावर मी उभी हयात कुत्री सांभाळण्यात घालवली. गावात माझी टिंगल व्हायची. 'कुत्र्यांचा मास्तर' म्हणायचे मला — गावची पोरं शाळेला दांडी मारतात आणि सख्याची कुत्री शिट्टीवर उठतात-बसतात, म्हणून. म्हणू देत. मला त्याचा राग नव्हता, उलट ताठाच होता. कुठल्या कुत्र्याचं काय दुखतंय ते मी चाल बघून लांबून सांगायचो. आजूबाजूच्या बंगल्यांतले साहेबसुद्धा माणूस धाडून मला बोलावून न्यायचे. कान गरम आहेत का, नाक कोरडं आहे का, शेपूट कशी धरलीय, पाणी कसं पितंय — एवढं बघितलं की मी निदान करायचो आणि ते खरं निघायचं. ही बढाई नव्हे हो. पुढं लागेल म्हणून आत्ताच सांगून ठेवतोय.

शेटनं विलायती जातीची दोन पिल्लं आणली होती, एकाच आईची. तांबूस अंग, लोंबते कान. नावं ठेवली जॅक आणि जॉन. आमच्या तोंडी त्यांचं झालं जाक्या आणि जान्या. दोघं शेजारी उभे केले तर खुद्द शेटला ओळखू यायचे नाहीत. खूण एकच — जाक्याच्या पुढच्या उजव्या पंजाचं एक बोट पांढरं होतं. शेट यायचा वर्षातून दोनदा, वैशाखात आणि दिवाळीला. एरवी बंगल्यावर मी आणि ही दोघं. माळी आठवड्यातून एकदा यायचा, झाडांना पाणी घालून जायचा. शेटची ताकीद एकच होती, पण सक्त होती. कुत्री फाटकाबाहेर न्यायची नाहीत.

मी नेली.

शिमग्याला आमच्याकडं सगळं गाव शिकारीला निघतं. नागफणीच्या सुळक्याच्या अंगाला रानात हाका घालायचा, म्हणजे गलका करत जनावर उठवायचं, काय ससा-भेकर मिळेल त्याचे घरटी वाटे करायचे. गावची कुत्री असतातच बरोबर — बरगड्या मोजून घ्याव्यात अशी, पण रानात कुणाला हार न जाणारी. आणि मला गावाला दाखवायचं होतं, की बघा, हे माझं कुत्रं बघा! जान्याला बांधून ठेवला आणि जाक्याला घेऊन गेलो. आता हसू येतं. तेव्हा मी तिशीचा होतो, हसण्याची अक्कल नव्हती.

मी हाक्याच्या एका टोकाला होतो, करवंदीच्या जाळ्यांमागं. जवळ दुसरं कोणी नव्हतं. ससा निघाला नाही, निघाला कोल्हा. भर दुपारी, माणसांच्या गलक्याला न भिता, सरळ माझ्या रोखानं चालत आला. धडधाकट कोल्हा असं करतो का? जबडा लोंबत होता त्याचा. मी काठी उगारेपर्यंत जाक्या पुढं झाला आणि कोल्ह्यानं त्याच्या नाकाडाला दात लावले. मी दोन टोले हाणले, तो झुडपात गेला. संपलं. ओढ्यावर नेऊन मी जाक्याची जखम धुतली, तिच्यात हळद भरली, आणि कोणी विचारलंच तर 'तारेत नाक अडकलं' असं सांगायचं ठरवलं. विचारणारं होतं कोण? पण खोटं आधीच तयार करून ठेवलं होतं, बघा. माझी ही सवय मला तेव्हाच दिसायला हवी होती.

माझी आई एक गोष्ट सांगायची. फार फार पूर्वी कुत्रं रानातच असायचं. माणूस विस्तवापाशी बसायचा आणि कुत्रं लांब, उजेडाच्या कडेला. माणसाला अंधारातलं दिसायचं नाही, कुत्र्याला विस्तव करता यायचा नाही. मग दोघांचं बोलणं झालं. कुत्रं म्हणालं, मी जागतो. माणूस म्हणाला, मी भाकरी टाकतो. तेव्हापासून तव्यावरची पहिली भाकरी गाईची आणि शेवटची कुत्र्याची. पीठ सरलं तरी बाया परात खरवडून तळहाताएवढी चानकी थापतात, पण कुत्र्याची भाकरी चुकवत नाहीत. आई म्हणायची, कुत्र्यानं आपला शब्द एकदाही मोडला नाही. माणसाचं काय, ते ती बोलायची नाही.

आता तानीकडं येतो. यायलाच हवं.

धोंडिबा माझ्याच गावचा, माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठा. बंगल्या-बंगल्यावर गवताचे आणि सरपणाचे भारे घालायचा. त्याची एकुलती पोर तानी, सात वर्षांची असेल, बापाचं धोतर धरून मागं मागं यायची. बाप भारा उतरवेपर्यंत ती जाक्यापाशी. त्याचा लोंबता कान उचलायची आणि आत तोंड घालून काहीतरी सांगायची. एकदा मी विचारलं, 'काय गं सांगतेस त्याला?' तर म्हणाली, 'तुमाला न्हाई सांगायचं. तुमी सगळ्यास्नी सांगाल.' अशी होती. तुरूतुरू बोलणारी, डोळ्याला डोळा भिडवून.

चैत्रातली सकाळ. जाक्या आदल्या दिवसापासून जरा घुम्यासारखा होता, कोपरा धरून बसलेला. मी पाहिलं होतं ते. तानीनं नेहमीसारखा कानाला हात लावला आणि त्यानं तिचं मनगट धरलं. न भुंकता, न गुरगुरता. मी ओढून काढला त्याला. तानी रडली नाही आधी — नुसती त्याच्याकडं बघत राहिली, हा असं का वागला म्हणून.

मी आणि धोंडिबा तिला घेऊन डॉक्टरांकडं पळालो. डॉक्टर लोणावळ्यातलेच, तिरसट पण हाताला गुण असलेले. त्यांनी जखम साबणानं धुतली, औषधानं पोळली. मग आम्हा दोघांना समोर उभं केलं. म्हणाले, कुत्रं बांधून ठेवा, दहा दिवस. दहा दिवस धड राहिलं तर पोरीला काही धोका नाही. पण मध्येच मेलं, किंवा पळालं, तर त्याच दिवशी गाडीत बसायचं आणि पोरीला पुण्याच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं. पोटात चौदा सुया घ्याव्या लागतील, पण पोर वाचेल. माझ्याकडं बोट करून म्हणाले, 'मेलं तर लपवायचं नाही. कळलं?' मी मान हलवली. आधी कुठं चावा-बिवा बसला होता का याला, असंही त्यांनी विचारलं. मी म्हणालो, 'न्हाई जी. फाटकाबाहेर जातच न्हाई त्यो.'

शेटच्या कानावर गेलं असतं. नोकरी गेली असती. बस्, एवढंच होतं. याहून मोठं कारण मी गेल्या वीस वर्षांत शोधलंय. नाही सापडलं.

दुसऱ्या दिवसापासून धोंडिबा रोज येऊ लागला. एरवी आठवड्यातून दोनदा यायचा. आता भारा असो-नसो, कुरवंड्याहून तासा-सव्वा तासाची वाट तुडवत, उन्हं चढायच्या आत फाटकाशी हजर. पंच्यात बांधलेली एक भाकरी. 'तानीच्या आयनं दिलीया,' म्हणाला. 'तव्यावरची पयली. ती म्हनती, आता त्याचा जीव त्यो आपल्या तानीचा जीव. त्याला उपाशी ठिवायचा न्हाई.' धोंडिबाच्या बायकोला, सगुणावैनीला, डॉक्टरांचं बोलणं असं समजलं होतं. कुत्रं जगलं तर पोर जगेल — मग जगवू या कुत्र्याला! पहिली भाकरी गाईची असते, ती तिनं गाईकडून काढून पोरीला चावलेल्या कुत्र्याला दिली. मला हसू आलं होतं, खरं सांगतो. अडाणी बाई, म्हणालो मनात.

जाक्या भाकरी खायचा. पहिला दिवस, दुसरा, तिसरा. धोंडिबा उकिडवा बसून त्याला खाताना बघायचा, प्रत्येक घासाबरोबर त्याची स्वतःची मान हलायची. चौथ्या दिवशी जाक्यानं भाकरी हुंगून सोडून दिली. मी म्हणालो, उन्हाळा आहे, जड झालं असेल पोट. पाचव्या दिवशी संध्याकाळी तो भुंकला, आणि मी हातातलं भांडं खाली ठेवलं. आवाज त्याचा नव्हता. घोगरा, मध्येच फाटलेला. मी पाण्याचं ताट पुढं सरकवलं. त्यानं तोंड घातलं पण पाणी गिळता येईना. जबड्यातून सगळं परत ताटात. लाळेची तार लोंबत होती.

घशात हाड अडकलं असेल, असं मी मोठ्यानं म्हणालो. कुणाला ऐकवायला? तिथं माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

मघाशी सांगितलं ना, लक्षात ठेवा म्हणून? मी पाणी पिण्याच्या तऱ्हेवरून निदान करणारा माणूस. लोक पुढं काहीही म्हणोत, मला कळलं नव्हतं असं मला म्हणता येत नाही. मला कळलं होतं. पाचव्या दिवशीच कळलं होतं. शिमग्याचा कोल्हा, लोंबता जबडा, सगळं सरळ समोर होतं. त्याच वेळी उठून कुरवंड्याला जायला हवं होतं. मी दार लावून आत बसलो.

सहाव्या दिवशी पहाटे जाक्या मेलेला होता. दोरी दातांनी अर्धी चावून काढलेली. मी फावडं घेतलं, मागच्या जांभळाखाली खड्डा केला आणि त्याला पुरला. वर पालापाचोळा ओढला. हात धुतले. पुढं जान्याचं आणि चुन्याचं जे केलं, त्यातलं तेव्हा माझ्या डोक्यात काही नव्हतं. सांगायचं की नाही हेसुद्धा ठरलं नव्हतं. खरंच. धोंडिबा आला की तोंडातून काय निघतं ते बघू, असंच काहीतरी चाललं होतं.

धोंडिबा आला. पण आत येईना. फाटकाला धरून बाहेरच उभा, ओशाळल्यासारखा.

'आज भाकर न्हाई, सखाभाऊ,' म्हणाला. 'घरची कडंला बसलीया. चूल शेजारणीनं पेटवली, आन तिला सांगायचं म्या इसरलो.'

आमच्यात बाई कडेला बसली की तीन-चार दिवस चुलीला शिवत नाही. गोष्ट साधी. मी म्हणालो, बरं. तो तरी तिथंच. मला वाटलं आता म्हणेल, बगू दे की त्याला. आत आला असता तर तुटकी दोरी दिसली असती, रिकामी जागा दिसली असती, आणि मग — मग काय, मी बोललोच असतो. पण तो म्हणाला, 'मुक्या जनावराच्या म्होरं रिकाम्या हातानं कसं जावं? आशेनं बघंल बिचारं. हितनंच जातो. जित्ता हाय न्हवं?'

'हाय,' मी म्हणालो.

एवढंच. दुपारची पुण्याची गाडी अजून यायची होती. तो माणूस धावत कुरवंड्याला जाऊन पोरीला पाठुंगळी मारून स्टेशनात सहज पोचला असता, इतका वेळ होता. मी घाटातून गाडी वर येताना तिची शिट्टी ऐकली. ती निघून गेल्याचंही ऐकलं.

एकदा 'हाय' म्हटल्यावर पुढचं सगळं आपोआप होत गेलं. तंबाखूची चंची सोडली, डबीतला चुना बोटावर घेतला आणि जान्याच्या पुढच्या उजव्या पंजाचं एक बोट पांढरं केलं. तो चाटायचा, मी पुन्हा लावायचो. त्याची जीभ पोळली चुन्यानं. तरी माझा हात चाटायला यायचा तो.

सातव्या दिवशी धोंडिबा शेजारणीनं केलेली भाकरी घेऊन आला. मी जान्याला जाक्याच्या जागी बांधलं होतं. धोंडिबानं आल्या आल्या विचारलं, 'दुसरा कुटं गेला?'

'बिबट्यानं न्हेला,' मी म्हणालो. लोणावळ्यात बिबट्यानं कुत्रं नेलं तर कोणाला नवल वाटतं? 'काल तिन्हीसांजंला, कुंपणावरनं.'

'आगं आई गं!' धोंडिबा हळहळला. मग जान्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, 'नशीब म्हनायचं, ह्याला न्हाई न्हेलं.'

जान्यानं भाकरी खाल्ली आणि धोंडिबाचा हात चाटला. जाक्यानं तसं कधी केलं नव्हतं. धोंडिबा खूश झाला. 'आज वळख पटली जनू,' म्हणाला. त्यानं पंजाकडं एकदाही बघितलं नाही. माझा चुना फुकट गेला. तो नुसता डोळ्यांकडं बघायचा, खाण्याकडं बघायचा. जान्या मात्र खाऊन झाल्याबरोबर दोरीला हिसका देत जांभळाकडं ओढू लागला. नाक जमिनीला लावून कण्हायला लागला. भाऊ होता तो त्याचा.

'तितं काय हाय?' धोंडिबानं विचारलं.

'घूस लागलीया,' मी म्हणालो.

आठवा, नववा, दहावा. धोंडिबा येत राहिला, जान्या खात राहिला. दहाव्या दिवशी सगुणावैनी स्वतः आली, तानीला घेऊन. तिनं जान्याच्या कपाळाला हळद लावली, गुळाचा खडा चारला. तानी आधी बापाच्या मागं लपली. मग हळूच पुढं येऊन तिनं जान्याचा कान उचलला. आणि पुन्हा सोडला. माझ्याकडं वळून म्हणाली, 'ह्यो जाक्या न्हाई.'

धोंडिबा हसला. म्हणाला, 'चावल्यापासनं धास्ती खाल्लीया पोरीनं.' सगुणावैनीही हसली. आणि मीही हसलो, अगदी मोठ्यानं. पोरगी माझ्याकडं बघत राहिली. त्या घोळक्यात खरं बोलणारी ती एकटीच होती.

तिथून धोंडिबा परस्पर डॉक्टरांकडं गेला आणि कुत्रं धड आहे म्हणून सांगून आला. म्हणजे बघा, खोटं माझं, पण डॉक्टरांपुढं ते गेलं धोंडिबाच्या प्रामाणिक तोंडातून. मग का नाही विश्वास ठेवायचा त्यांनी? परत येऊन धोंडिबा माझ्या पाया पडला. मी त्याला उठवलं. 'अरं, माझं काय त्यात,' म्हणालो.

वैशाखात शेट आला. त्याला सांगितलं, जान्याला बिबट्यानं नेलं. चार शिव्या दिल्या त्यानं आणि विसरून गेला. नोकरी राहिली. तानी अधूनमधून बापाबरोबर यायची, पण कुत्र्यापाशी जायची नाही. मी तिला पाणी द्यायचो, मुद्दाम. तांब्या तिच्या हातात द्यायचो आणि ती घटाघटा पितेय ना ते बघत उभा राहायचो. पाणी घशाखाली गेलं की माझा जीव खाली पडायचा. असं दोन महिने. तेव्हाही वेळ होती ना? मी कशाला बोलतोय तेव्हा! पोर चांगली हसतखेळत होती, मग कशाला उगीच घबराट, असं मनाला समजावायचो.

आषाढ लागला. एक दिवस सकाळी इरलं पांघरलेला धोंडिबा फाटकात उभा. पाय मांडीपर्यंत चिखलानं भरलेले. आत आला, इरलं उतरवलंसुद्धा नाही.

'सखाभाऊ, जाक्या हाय का?'

मी बोट दाखवलं. जान्या ओट्यावर पडला होता, धोंडिबाला बघून शेपूट हलवत उठला.

धोंडिबा त्याच्याकडं बघत राहिला. 'हाय की,' म्हणाला. 'चांगला हाय. मग हे त्याचं न्हाई.' मग मला सांगू लागला. तानीला दोन दिवस ताप. पाणी पुढं केलं की किंचाळते. गिळता येत नाही. वळचणीचं पाणी पडताना बघून अंगाला कापरं भरतं. आषाढात कुरवंड्याला, तुम्हाला ठाऊक आहे, छपरातून पाणी, दारातून पाणी, भिंतींना पाणी. पोरीला कुठं ठेवणार? घोंगडी टांगून दारं झाकली होती त्यांनी, कानात कापूस घातला होता. 'कुत्रं तर जित्तं हाय,' धोंडिबा पुन्हा म्हणाला. 'म्हंजी काय तरी बाधा हाय. देवरुषाला आनतो.'

तेव्हा बोलूनही तिचा जीव वाचला नसता, असं मला फार पुढं डॉक्टरांकडून कळलं. पण त्या सकाळी मला ते ठाऊक नव्हतं. अजून काही करता येईल अशी मला आशा होती, आणि तरी मी बोललो नाही. असं लिहून घ्या.

तानी तिसऱ्या दिवशी गेली. मी सुतक फिटेपर्यंत गावात पाऊल टाकलं नाही.

त्यानंतर सगुणावैनी दर आठवड्याला बंगल्यावर यायला लागली. भाकरी घेऊन. आधी मला कळेना कशासाठी. मग एकदा ती आपणहून बोलली. म्हणाली, 'भावजी, त्या धा दिसांत माजी एक भाकर चुकली. साव्या दिसाची. मी कडंला बसले व्हते. मुकं जनावर वाट बगून ऱ्हायलं आसंल माझ्या भाकरीची. त्याचा तळतळाट लागला माझ्या पोरीला.' मी काय म्हणालो असेन? 'असं काही नसतं, वैनी' — एवढंही नाही म्हणालो. हातातल्या ब्रशानं जान्याचं अंग घासत राहिलो.

अडाणी बाई म्हणालो होतो ना मी? सबंध लोणावळ्यात तिचंच तेवढं बरोबर होतं. ती भाकरी आली असती तर धोंडिबा आत आला असता. आत आला असता तर मी उघडा पडलो असतो, आणि तानी दुपारच्या गाडीत बसली असती. सहाव्या दिवसाच्या भाकरीवरच सगळं अडलं होतं. फक्त ती भाकरी नसल्याचा फायदा कुणी घेतला, ते तिला ठाऊक नव्हतं. तिनं तो दोष स्वतःच्या अंगावर, स्वतःच्या विटाळावर घेतला, आणि मी तो घेऊ दिला. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. नऊ वर्षं.

नऊ वर्षं ती भाकरी आणत राहिली आणि जान्या ती खात राहिला. जाक्या म्हणून हाक मारली की यायचा. स्वतःचं नाव विसरला होता. पुढं म्हातारा झाला, डोळ्यांत फूल पडलं, एका दुपारी ओट्यावरच शांतपणे मेला. मी त्याला जांभळाखाली पुरला, भावाशेजारी. संध्याकाळी वैनी आली. मी सांगितलं, गेला.

ती पायरीवर बसली. पंच्यातली भाकरी मांडीवर तशीच. केस पांढरे झाले होते तिचे, चाळिशीसुद्धा उलटली नव्हती तेव्हा. मग म्हणाली, 'भावजी, एक इचारू? लय वर्सं मनात हाय. खरं सांगा, मी काय म्हननार न्हाई.'

मला वाटलं, आलं. आणि खरं सांगू? कुठंतरी बरंही वाटलं, की चला, सुटलो.

ती म्हणाली, 'त्या दिशी माजी भाकर आली न्हाई, तवा तुमी त्याला काय घातलंतं का खायाला? का दिसभर उपाशीच ऱ्हायला त्यो?'

तिला एवढंच हवं होतं. 'घातलं होतं, वैनी. पोटभर जेवला तो' — एवढं म्हणालो असतो तरी ती बाई मोकळी झाली असती. सोळा वेळा खोटं बोलणाऱ्याला सतराव्यांदा काय जड होतं? किंवा खरं सांगितलं असतं. दोन्हींतलं काहीही चाललं असतं. पण मी घाबरलो. एक उत्तर दिलं तर दुसरा प्रश्न येईल, दुसऱ्यावर तिसरा, आणि बोलता बोलता आपण त्या फाटकापाशी जाऊन उभे राहू.

'न्हाई आठवत, वैनी,' मी म्हणालो. 'लय दिस झालं.'

तिनं मान हलवली. 'व्हय,' म्हणाली, 'तुमी तरी किती ध्यानात ठिवायचं.' भाकरी माझ्या हातात दिली, रस्त्यावरच्या कुठल्याही कुत्र्याला घाला म्हणाली, आणि कुरवंड्याच्या वाटेला लागली. पुढं धोंडिबा गेला. गेल्या पौषात तीही गेली. शेवटपर्यंत तव्यावरची पहिली भाकरी कुत्र्याला घालायची म्हणतात, आणि कडेला बसायची तेव्हा शेजारणीला चार चार वेळा बजावायची.

मला आठवत होतं. तिनं विचारलं तेव्हाही, आणि आत्ताही. त्या दिवशी मी त्याला काही घातलं नव्हतं. सकाळीच पुरला होता.